फक्त एसक्यूएल आणि पीएल/एसक्यूएल येतं. जावा-पायथॉनच्या मागे लागावं का?

मोरपंखी (धागाकर्ती)

काम ओरॅकल डेटाबेसवर: पॅकेजेस (ओरॅकलच्या आतच चालणाऱ्या पीएल/एसक्यूएल भाषेतल्या प्रोसीजरचे गठ्ठे), रिपोर्टच्या क्वेरी, रात्रीचे बॅच जॉब. टीममध्ये दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, डेटाबेस डेव्हलपरने डेटाबेसमध्येच खोल जावं. प्लॅन (डेटाबेस क्वेरी कोणत्या वाटेने चालवतो ते) वाचता यावा, पार्टिशनिंग (मोठ्या टेबलाचे तुकडे) कळावं, स्टॅटिस्टिक्स (प्लॅन ठरवायला लागणारे डेटाचे अंदाज) का शिळे होतात ते सांगता यावं, बाकी जावावाले बघून घेतील. दुसऱ्याचं म्हणणं, निव्वळ पीएल/एसक्यूएलवर पुढची पंधरा-वीस वर्षं निघणार नाहीत, आत्ताच हातपाय हलवा.

मला भाषेची शिफारस नकोय. नेमकं कुठं अडतं ते हवंय. म्हणजे अशी जागा, जिथे एसक्यूएल उत्तम येऊनही माणूस पुढे सरकत नाही. 'काळाबरोबर चालावं लागतं' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते ऑफिसात फुकट मिळतात.

---

खिडकीफंक्शन

मी उलट बाजूने सुरू करतो. प्रोग्रामिंग येणारे लोक डेटाबेसमध्ये आले की सगळ्यात आधी लूप लिहितात. कर्सर (निकालातून एकेक ओळ आणायचं साधन) उघडला, एकेक रेकॉर्ड आणला, इफ-एल्स लावलं, अपडेट मारला, पुढचा आणला. वीस लाख रेकॉर्ड असतील तर पीएल/एसक्यूएल इंजिन आणि एसक्यूएल इंजिन यांच्यात वीस लाख वेळा ये-जा. हेच काम एका मर्जमध्ये ('असेल तर बदल, नसेल तर घाल' हे एकाच स्टेटमेंटमध्ये) किंवा केस लावलेल्या एका अपडेटमध्ये होतं. त्यात कोणी तरी 'अनडू (बदलाआधीचा डेटा ठेवायची जागा) भरतो' म्हणून दर हजार रेकॉर्डांमागे कमिट (बदल कायम करणं) टाकतो. कर्सर उघडाच असतो आणि त्याला सुरुवातीच्या क्षणाचं चित्र हवं असतं. आपल्याच कमिटमुळे आपलाच अनडू पुसायला मोकळा होतो आणि पहाटे ओआरए-०१५५५, स्नॅपशॉट टू ओल्ड.

लूप टाळताच येत नसेल तर बल्क कलेक्ट आणि फोरऑल, म्हणजे ओळी गठ्ठ्याने आणणं आणि गठ्ठ्याने लिहिणं. तिथेही एक खड्डा आहे. लिमिट (एका फेचमधल्या जास्तीत जास्त ओळी) १०० आहे आणि टेबलात १०५० रेकॉर्ड आहेत असं धरा. अकराव्या फेचला ५० च येतात आणि त्याच क्षणी %नॉटफाउंड ('आणखी ओळी नाहीत' ही खूण) खरं होतं. 'एक्झिट व्हेन नॉटफाउंड' फेचच्या लगेच खाली लिहिलं असेल तर ते ५० हातात आलेले असूनही काहीच न करता बाहेर पडतो. एरर नाही, काही नाही. टेस्टिंगला डेटा बरोबर १००० रेकॉर्डांचा असतो, त्यामुळे तिथे सगळं ठीक दिसतं. ती ओळ लूपच्या शेवटी न्या, किंवा कलेक्शनचा काउंट शून्य आहे का ते तपासा.

माझं म्हणणं एवढंच की आधी संचात विचार करायला शिका. ग्रुप बाय, विंडो फंक्शन, सेमी जॉइन, नॉट इनच्या यादीत एक नल ('किंमत माहीत नाही') आला तर उत्तर रिकामं का येतं, हे सगळं पक्कं झाल्याशिवाय पायथॉनकडे बघूच नका.

---

गावठी_कोडर

+१. नॉट इनचा नल हा इंटरव्ह्यूला विचारला तर निम्मी खोली रिकामी होते.

---

नळदुरुस्ती

खिडकीफंक्शन यांच्याशी सहमत, पण त्यांनी फक्त डेटाबेसच्या चार भिंतींच्या आतलं सांगितलं. मोरपंखी यांचा प्रश्न भिंतीबाहेरचा आहे. अडतं ते क्वेरी दुसऱ्याच्या कोडमधून येते तिथे. नमुन्यादाखल एकच केस सविस्तर देतो, कारण ती जवळपास प्रत्येक एसक्यूएल सर्व्हर-जावा प्रोजेक्टमध्ये भेटते.

तक्रार: ग्राहक क्रमांकावरून शोध, ऍपमधून चार सेकंद. तीच क्वेरी मॅनेजमेंट स्टुडिओत चिकटवली तर पापणी लवायच्या आत. इंडेक्स आहे, स्टॅटिस्टिक्स ताजे आहेत. डेटाबेसवाला म्हणतो 'माझ्याकडे चालतंय', जावावाला म्हणतो 'मी फक्त क्वेरी पाठवतो'. आठवडाभर मेलांची पत्रापत्री.

कारण असं. कॉलम व्हारकार (साधा मजकूर) आहे. जावातली स्ट्रिंग युनिकोड असते आणि मायक्रोसॉफ्टचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा दुवा) स्ट्रिंग पॅरामीटर मुळात एनव्हारकार (युनिकोड मजकूर) म्हणूनच पाठवतो. एसक्यूएल सर्व्हरच्या नियमानुसार या दोन्हींत एनव्हारकार वरचढ, त्यामुळे रूपांतर पॅरामीटरचं होत नाही, कॉलमचं होतं. डेटाबेसचं कोलेशन (मजकुराच्या तुलनेचे नियम) जुन्या 'एसक्यूएल_लॅटिन१' घराण्यातलं असेल तर इंडेक्स सीक (थेट हव्या नोंदीवर जाणं) जाऊन अख्ख्या इंडेक्सचा स्कॅन होतो. स्टुडिओत आपण साध्या अवतरणचिन्हात किंमत लिहितो, ती व्हारकारच असते, म्हणून तिथे सगळं आलबेल.

शोधायचं कसं: प्लॅन कॅशमधून ऍपचा प्लॅन काढा (स्वतः चालवलेल्या क्वेरीचा नाही) आणि प्रेडिकेटमध्ये कॉलमच्या बाजूला कन्व्हर्ट_इम्प्लिसिट दिसतं का बघा. इथवर डेटाबेसवाला एकट्याने पोचतो. पुढे उपाय तीन: कनेक्शन स्ट्रिंगमध्ये 'सेंड स्ट्रिंग पॅरामीटर्स ऍज युनिकोड' फॉल्स करणं, क्वेरीत पॅरामीटरला कास्ट लावणं, किंवा कॉलमच एनव्हारकार करणं. पहिला सगळ्यात सोपा दिसतो, पण त्याच ऍपमध्ये मराठी नावं असलेला एनव्हारकार कॉलम असेल आणि कोडमध्ये तिथे सेटस्ट्रिंगच वापरलं असेल, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं साठू लागतील. तिथे सेटएनस्ट्रिंग करावं लागतं. म्हणजे कुठला उपाय निवडायचा हे ठरवायला जावाचा कोड उघडून कुठल्या कॉलमला काय वापरलंय ते बघावंच लागतं. नवी सर्व्हिस लिहायची गरज नाही. वाचता आलं पाहिजे.

आणखी दोन, थोडक्यात. ओरॅकलच्या जेडीबीसी ड्रायव्हरचा फेच साइज (एका फेरीत आणायच्या ओळी) मुळात १० असतो. एक लाख रेकॉर्डांचा रिपोर्ट म्हणजे दहा हजार फेऱ्या. सर्व्हर एकाच डेटा सेंटरमध्ये असेल आणि फेरीला एक मिलिसेकंद लागत असेल तर दहा सेकंद, ऍप दुसऱ्या शहरात असून ४० मिलिसेकंद लागत असतील तर साडेसहा मिनिटांहून जास्त. डेटाबेसच्या बाजूने क्वेरी निर्दोष दिसते, कारण ती निर्दोषच आहे. फेच साइज ५०० केला की फेऱ्या २००. पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरची तऱ्हा उलटी: तो मुळात सगळा निकाल एकदम मेमरीत ओढतो, आणि ऑटोकमिट (प्रत्येक स्टेटमेंटनंतर आपोआप कमिट) बंद करून फेच साइज दिल्याशिवाय तुकड्यांनी आणत नाही.

---

मोरपंखी

फेच साइजचं माहीत नव्हतं. आमच्याकडे 'नेटवर्क स्लो' म्हणून तिकीट नेटवर्क टीमकडे जातं आणि ते परत येतं.

---

खिडकीफंक्शन

@नळदुरुस्ती, केस आवडली. पण याला मी प्रोग्रामिंग म्हणणार नाही. हे ड्रायव्हरचं मॅन्युअल वाचणं झालं.

---

नळदुरुस्ती

मग हे घ्या. स्प्रिंगमध्ये (जावाचं फ्रेमवर्क) मेथडच्या डोक्यावर ट्रान्झॅक्शनल लिहिलं की आत काहीही बिनसलं तरी रोलबॅक होईल (बदल मागे घेतले जातील) असं सगळे धरून चालतात. मुळात तो रोलबॅक फक्त रनटाइम एक्सेप्शन आणि एरर यांनाच होतो. चेक्ड एक्सेप्शन (जे हाताळायची किंवा जाहीर करायची सक्ती जावाचा कंपायलर करतो) बाहेर पडलं तर स्प्रिंग कमिट करतं. खात्यातून पैसे वजा झाले, पुढच्या पायरीला स्वतः बनवलेलं चेक्ड एक्सेप्शन आलं, निम्मी नोंद टेबलात कायम. सकाळी डेटाबेसवाल्याला फोन: 'तुमचं ट्रान्झॅक्शन अर्धवट राहिलंय, बघा जरा.' आता रीडू लॉग (डेटाबेसची बदलांची नोंदवही) कितीही चाळा, तिथे एक स्वच्छ कमिट दिसेल. चूक कोडमध्ये आहे आणि ती ओळखायला चेक्ड आणि अनचेक्डमधला फरक माहीत लागतो. मॅन्युअल वाचायलाही नेमकं काय शोधायचं ते आधी कळावं लागतं.

डेडलॉकचंही (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसणं) तसंच. एसक्यूएल सर्व्हर १२०५ हा एरर देऊन एकाचा बळी घेतो, पोस्टग्रेस ४०पी०१ देतो. दोन्हीकडे योग्य वागणूक म्हणजे पूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवणं, तेही मोजक्या वेळा आणि मध्ये थोडं थांबून. बऱ्याच ऍपमध्ये फक्त शेवटचं स्टेटमेंट पुन्हा मारलेलं दिसतं, आणि पहिली निम्मी कामं तर रोलबॅकमध्ये गेलेली असतात.

---

अर्धविराम

बॅच जॉबचा उल्लेख आलाय म्हणून शेलबद्दल लिहितो. पीएल/एसक्यूएलवाले शेल स्क्रिप्टला प्रोग्रामिंग समजत नाहीत, आणि सगळ्यात महागड्या चुका तिथेच असतात.

एसक्यूएल*प्लसमधून (ओरॅकलचं कमांड लाइन टूल) फाइल चालवली आणि मधल्या स्टेटमेंटला एरर आली, तर तो मुकाट्याने पुढचं स्टेटमेंट चालवतो आणि शेवटी ० (एक्झिट कोड, म्हणजे 'यश') घेऊन बाहेर पडतो. शेड्युलर हिरवा. शिवाय साधं एक्झिट जाता जाता कमिटही करतं. म्हणून वर 'व्हेनएव्हर एसक्यूएलएरर एक्झिट' हवंच. आता बरेच जण पुढे 'एसक्यूएल.एसक्यूएलकोड' लिहितात, म्हणजे एरर नंबरच बाहेर जाईल. युनिक्स-लिनक्समध्ये एक्झिट कोड ८ बिटांचा असतो, २५६ ने भागून उरलेली बाकीच काय ती पोचते. ओआरए-०१५३६ म्हणजे टेबलस्पेसचा कोटा संपला. १५३६ म्हणजे बरोबर ६ गुणिले २५६, बाकी शून्य. जॉब मेला आणि शेड्युलरला यश कळलं! म्हणून 'एक्झिट फेल्युअर रोलबॅक' लिहा, नंबर लॉगमध्ये वाचता येतोच.

त्यातून कमांडचं आउटपुट पाइप करून टी कमांडने लॉगमध्ये टाकलं असेल तर शेल शेवटच्या कमांडचा, म्हणजे टीचा कोड देतो. टी नेहमी यशस्वी. बॅशमध्ये वर पाइपफेल सेट करा. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएललाही हाच रोग आहे: फाइल चालवताना 'ऑन_एरर_स्टॉप' लावलं नाही तर एरर येऊनही ० देतो, लावलं तर ३.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. टेस्ट सर्व्हरवर स्क्रिप्टच्या मध्ये मुद्दाम नसलेल्या टेबलातून सिलेक्ट टाका, जॉब चालवा, डॉलर-प्रश्नचिन्ह (शेलमधला शेवटचा एक्झिट कोड) छापून बघा. शून्य आलं तर तुमच्या सगळ्या हिरव्या रात्रींबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

---

गावठी_कोडर

१५३६ चं गणित भारी! वाचनखूण साठवली.

---

शून्य_आणि_नल

ओरॅकलवरून पोस्टग्रेसला जाणारे प्रोजेक्ट हा या धाग्याचा खरा मुद्दा आहे असं मला वाटतं. अशा कामात डेटाबेस डेव्हलपरला सगळ्यात जास्त भाव असतो आणि नुसत्या एसक्यूएलवाल्याची दमछाकही तिथेच होते.

टेबलं आणि डेटा हलवणं हे सोपं काम. ओरा२पीजी टूल आहे, पर्लमध्ये लिहिलेलं, ते स्कीमा आणि बराचसा कोड बदलून देतं. राहतं ते वागणुकीतलं अंतर:

ओरॅकलला रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल. पोस्टग्रेसला दोन्ही वेगळे. त्यामुळे जावातून रिकामी स्ट्रिंग पाठवणारा फॉर्म ओरॅकलवर नॉट नलला अडखळायचा, इथे सुखाने आत जातो. उलट बाजूने, नाव, मधलं नाव आणि आडनाव दोन उभ्या दांड्यांनी जोडलंत आणि मधलं नाव नल असलं तर ओरॅकल उरलेलं जोडून देतो, पोस्टग्रेस अख्खं उत्तरच नल करतो. कॉनकॅट वापरावं लागतं.

ओरॅकलच्या डेटमध्ये वेळही असते. पोस्टग्रेसच्या डेटमध्ये फक्त दिवस. टूलने किंवा माणसाने डेटला डेट केलं तर व्यवहाराची वेळ गेली.

पॅकेज नाही. पॅकेजमधले ग्लोबल व्हेरिएबल, जे सेशनभर टिकतात असं गृहीत धरलेलं असतं, ते कुठे ठेवायचे? पोस्टग्रेसमध्ये कस्टम सेटिंग करून सेशनला चिकटवता येतं, पण मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा मध्यस्थ) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये बसला असेल तर पुढचं ट्रान्झॅक्शन दुसऱ्याच कनेक्शनवर जातं आणि तिथे ते सेटिंग नसतं, किंवा त्याहून वाईट, दुसऱ्या कोणाचं असतं. टेम्पररी टेबल, सेशन पातळीवरचे ऍडव्हायझरी लॉक, सगळ्यांची तीच गत. सेट लोकल वापरून ट्रान्झॅक्शनपुरतं ठेवावं किंवा सरळ पॅरामीटरने पाठवावं.

ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन (मुख्य ट्रान्झॅक्शन मागे गेलं तरी स्वतःचं वेगळं कमिट करणारं) नाही. एरर लॉगचं टेबल त्यावर उभं असतं. डीबीलिंकने स्वतःलाच दुसरं कनेक्शन उघडून जमतं, पण प्रत्येक एररला एक नवं कनेक्शन, आणि मॅक्स कनेक्शन मुळात १००. लॉगिंग ऍपच्या थरात नेणं बरं. हे ठरवायला त्या थरात काय चालतं ते कळलं पाहिजे.

आणि सगळ्यात त्रासाचं: ओरॅकलमध्ये एखादं स्टेटमेंट फसलं तर तेवढंच मागे जातं, ट्रान्झॅक्शन चालू राहतं. पोस्टग्रेसमध्ये अख्खं ट्रान्झॅक्शन 'अबॉर्टेड' होतं आणि रोलबॅक होईपर्यंत पुढचं काहीही स्वीकारत नाही. ज्या जावा कोडमध्ये 'इन्सर्ट कर, डुप्लिकेट आलं तर कॅच करून अपडेट कर' असं लिहिलंय तो सगळा कोसळतो. तिथे इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट वापरा. काही जण लूपमध्ये प्रत्येक रेकॉर्डाभोवती एक्सेप्शन ब्लॉक घालून सुटका करून घेतात. पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये असा प्रत्येक ब्लॉक म्हणजे एक सबट्रान्झॅक्शन. एका सेशनमध्ये अशी ६४ पर्यंत लक्षात ठेवायची सोय शेअर्ड मेमरीत असते, त्यापुढे गेलं की इतर सेशनांनाही डिस्कवरच्या यादीत शोधावं लागतं आणि गर्दीच्या वेळी सगळंच मंदावतं.

यातलं निम्मं एसक्यूएल आहे, निम्मं ऍपचं. सीमारेषा आखून बसणाऱ्याला दोन्ही निम्मी नीट करता येत नाहीत.

---

बोरूबहाद्दर

मराठी डेटाचं कोणीच काढलं नाही, म्हणून.

'कुऱ्हाडे' हे आडनाव. ऱ हे अक्षर एका कोड पॉइंटचंही (युनिकोडमधला एक क्रमांक) असतं, आणि र अधिक नुक्ता असं दोन कोड पॉइंटचंही. तिसरा प्रकार: र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर. कुठला कीबोर्ड, कुठला जुना कन्व्हर्टर, यावर काय साठेल ते अवलंबून. पडद्यावर तिन्ही सारखे. डेटाबेसला तीन वेगळी माणसं. ग्रुप बाय केलं की एकच आडनाव तीन ओळींत, आणि युनिक इंडेक्सही काही म्हणत नाही.

एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडची एकच ठरलेली मांडणी) केलं की नुक्त्याचा प्रकार एककोडी ऱ मध्ये जातो. पोस्टग्रेसमध्ये नॉर्मलाइझ फंक्शन १३ पासून आहे, पायथॉनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूल. जॉइनरवाला प्रकार मात्र एनएफसीला हात लावत नाही, तो वेगळा रिप्लेस करावा लागतो: र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. सरसकट सगळे जॉइनर उडवू नका, इतर जोडाक्षरांचं रूप बदलेल. मूळ नाव जसंच्या तसं ठेवा, शोधायला स्वच्छ केलेला दुसरा कॉलम ठेवा, आणि स्वच्छ करणारं फंक्शन एकच असू द्या. ऍपमध्ये एक आणि बॅचमध्ये दुसरं असलं की पुन्हा पहिले पाढे.

लांबीचंही बघा. ओरॅकलमध्ये व्हारकार२(५०) म्हणजे मुळात ५० बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइट, म्हणजे १६ मावतात, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळे मोजले जातात. एककोडी ऱ असलेलं 'कुऱ्हाडे' ८ कोड पॉइंट, २४ बाइट. उरलेले दोन प्रकार २७. जावाचा कोड 'लांबी ५० पर्यंत चालेल' असं तपासून सोडतो आणि डेटाबेस ओआरए-१२८९९ देतो. कॉलम बनवताना ५० कार असं स्पष्ट लिहा.

---

खिडकीफंक्शन

ठीक आहे, माझी भूमिका थोडी सरकवतो. वाचता यावं हे मान्य. लिहिता यावं का, याबद्दल अजून शंका आहे. टीममध्ये जावावाले असताना डेटाबेसवाल्याने सर्व्हिस लिहिणं म्हणजे दोन्हीकडे कच्चं काम.

---

नळदुरुस्ती

सर्व्हिस लिहू नये, मान्य. पण दोन सेशन एकाच वेळी एकाच रेकॉर्डवर येतात तेव्हा काय होतं, हे दाखवणारी तीस ओळींची स्क्रिप्ट लिहिता यावी. एसक्यूएल डेव्हलपरच्या दोन खिडक्या उघडून हाताने ते एकदा दाखवता येतं. पन्नास थ्रेडनी पाचशे वेळा नाही.

---

मोरपंखी

आता भाषेची शिफारस चालेल. :) आणि एक अडचण: आमच्या डेटाबेस सर्व्हरवर काहीही इन्स्टॉल करू देत नाहीत.

---

अर्धविराम

जावा वाचायला, पायथॉन लिहायला. जावाचं पुस्तक पहिल्या पानापासून धरू नका. तुमच्याच ऍपचा कोड घ्या, तुमच्या एखाद्या प्रोसीजरचं नाव त्यात शोधा आणि तिथून वर वर जा: कनेक्शन कुठून येतं, कमिट कोण करतं, पूल किती मोठा आहे, एरर कोण गिळतं. हिकारीसीपी (कनेक्शन पूलची लायब्ररी) असेल तर पूल मुळात १० चा असतो. ऍपच्या १२ प्रती चालत असतील तर डेटाबेसवर १२० सेशन, हा हिशोब तुमच्या व्ही$सेशनमधल्या (ओरॅकलची चालू सेशनांची यादी) आकड्याशी जुळतो का बघा. जुळला नाही तर चौकशीला विषय मिळाला.

त्याच्याही आधी गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल). पॅकेजचा स्पेक (बाहेरून दिसणारी घोषणा) आणि बॉडी (आतला कोड) वेगळ्या फाइलींत, रिपॉझिटरीत. 'प्रॉडक्शनवरून सोर्स काढून त्यात बदल' ही पद्धत बंद. फ्लायवे (डेटाबेसचे बदल क्रमाने लावणारं टूल) वापरत असाल तर टेबलांचे बदल व्ही ने सुरू होणाऱ्या फाइलींत आणि पॅकेजेस आर ने सुरू होणाऱ्या फाइलींत ठेवा. आर फाइलीचा चेकसम बदलला की ती पुन्हा चालते. लागू झालेली व्ही फाइल नंतर सुधारलीत तर व्हॅलिडेट अडवतं, आणि ते अडवतं तेच बरं. टेस्टसाठी यूटीपीएलएसक्यूएल (पीएल/एसक्यूएलच्या टेस्टचं फ्रेमवर्क). पहिली टेस्ट वर खिडकीफंक्शन यांनी दिलेल्या लिमिटच्या केसचीच लिहा: रेकॉर्ड शून्य, एक, ९९, १००, १०१.

सर्व्हरवर काही इन्स्टॉल करायची गरजच नाही. पायथॉन-ओरॅकलडीबी ड्रायव्हर स्वतःच्या मशीनवर किंवा जंप सर्व्हरवर टाका. तो मुळात थिन मोडमध्ये चालतो, ओरॅकल क्लायंट लागत नाही. दोन गोष्टी आधीच लावून घ्या. पैशांचे कॉलम असतील तर फेच_डेसिमल्स ट्रू करा, नाहीतर अपूर्णांक फ्लोट होऊन येतात आणि बेरजेत पैसे इकडचे तिकडे होतात. आणि फाइलमधून भरताना एकेक एक्झिक्यूट न करता एक्झिक्यूटमेनी वापरा, बॅचएरर्स ट्रू ठेवून. खराब ओळी वेगळ्या मिळतात, चांगल्या आत जातात, पण कमिट करायचं की नाही ते तुमच्या हातात राहतं.

डेटाबेस १२.१ च्या आधीचा आहे का ते तेवढं बघा. ११जी असेल तर थिन मोड जोडूच शकत नाही, थिक मोड लावावा लागेल आणि त्याला क्लायंट लायब्ररी हवीच, तीही ११जीशी बोलू शकेल अशा आवृत्तीची.